फायरमन दिसत नाही

भुसावळला मे महिन्यात रात्री साडेनऊलाही
भिंत हात लावू देत नाही.
फिरके सरांच्या गच्चीवर, त्याच भिंतीवर चादर ताणून
आम्ही सातजण बघितला जुना अमेरिकन सिनेमा.
काळापांढरा. वाळवंट, घोडे, बंदुका
आणि एक आगगाडी.

मी तो पहिल्यांदा पाहिला रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये,
वडिलांच्या मांडीवर, शेंगदाणे खात.
इंग्रजी कळत नव्हतं. गरजही नव्हती.
टोपीवाला चांगला, पिसंवाले वाईट,
आणि गाडीने शिट्टी दिली की अख्खा हॉल टाळ्या वाजवायचा,
कारण हॉलमधले निम्मे लोक गाडीच चालवायचे.
मग महिनाभर आम्ही पोरं क्वार्टर्समागे
पिसंवाला कोण होणार यावरून भांडायचो.
शेवटी व्हायचा तो सायडिंगपलीकडचा बिज्या.
त्याला विचारत नसू.

सिनेमा संपलाय. सर बोलतायत.
क्षितिज बघा किती खाली ठेवलंय,
वर नुसतं आभाळ,
आणि सावलीला इथे चेहऱ्याइतकाच मान आहे.
खरंय ते. तो शॉट लागला की
मी अजूनही श्वास धरून बसतो.
सुंदर आहे. तिथेच तर अडतं.

भंगाळे काका, एकोणचाळीस वर्षं इंजिनावर,
त्यातली पहिली नऊ फायरमन,
शेवभाजीत भाकर कुस्करत म्हणतात,
"भो, गाडी इतकी पळू राह्यली, फायरमन कुठी हाये?
अन् पाणी कुठी भरलं? एवढ्या वाळूत
एक टाकी नाही दिसली मले."
सगळे हसतात.
काका हसत नाहीत.
"कोळसा आपोआप जातो का त्याच्या पोटात?
हिरो टपावर बसून हवा खाऊ राह्यला नुसता."

रुमली पावरा, धडगावकडची, सरांची एम.ए.ची विद्यार्थिनी,
इतका वेळ कुलरच्या पाण्यात बोटं बुडवून बसलेली,
विचारते, "एकूण किती पडले?"
कोण?
"घोड्यावरून. मी मोजले. एकेचाळीस.
नाव एकाचंही नाही."
सर म्हणतात, तो काळ लक्षात घ्यायला हवा.
"घेतला ना सर. लक्षात घेऊनच मोजले."

बिज्याचं मी काही बोललो नाही.

मेडिकलवाला तुळशीदास वैतागतो:
म्हणजे असले सिनेमे आता बघायचेच नाहीत का?
"बघायचे की," रुमली म्हणते.
"पुन्हा लावा. आवाज बंद करून."

आवाज गेला तसे ढोल गेले, तुताऱ्या गेल्या.
उरली कुलरची घरघर
आणि यार्डातलं शंटिंग, डब्याला डबा धडकल्याचं.
ही प्रत नवी, धुऊनपुसून काढलेली.
इन्स्टिट्यूटच्या पडद्यावर ज्या कडा कापल्या जायच्या
त्याही आता दिसतात.

बावन्नाव्या मिनिटाला, अगदी डाव्या कडेला
एकजण पडतो,
गडगडतो, मरतो,
आणि कॅमेरा पुढे गेला असं समजून
उठून बसतो.
गुडघा चोळतो.
मोडलेलं पीस हातात घेऊन बघतो.

"चूक आहे ही," सर म्हणतात, "संकलकाच्या नजरेतून सुटलेली."
रुमली माझ्या हातातून माऊस घेते.
मागे. पडतो. उठतो.
मागे. पडतो. उठतो.
चौथ्यांदा ती पडण्यापर्यंत मागे जातच नाही,
पडून झाल्यावरच सुरू करते,
त्यामुळे तो नुसता उठतो.

गरम वाऱ्याने चादर फुगते,
माणूस क्षणभर जाड होतो, मग पुन्हा हडकुळा.
गाडी केव्हाच उजवीकडून निघून गेलेली,
तिच्याकडे कुणाचं लक्ष नाही.
काका चष्मा बनियनला पुसून
खुर्ची पुढे सरकवतात, अगदी पडद्याजवळ.
"त्याले पाणी द्या रे कोणी," म्हणतात.